लघवीची जळजळ: गोळी मागण्याआधी या चुका टाळा

चार दिवस "उन्हाळी लागली असंल" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा. पाचव्या दिवशी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर, "दादा, मागच्या वेळची तीच गोळी द्या की." कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान असल्यामुळं मार्चपासून हे नेहमीचंच. गोळी दिली नाही की गिऱ्हाईक रागावतं आणि पुढचं दुकान शोधतं.

उन्हात पाणी कमी पडून लघवी दाट झाली की थोडी जळजळ होते, आणि भरपूर पाणी प्यायलं की ती लवकर जाते. पण सारखी घाई, गेल्यावर चार थेंब, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा तांबूस असं असेल तर संसर्गाचा संशय धरायचा. तांबड्या रश्श्याला नावं ठेवू नका, त्यानं संसर्ग होत नाही. बहुतेक वेळा कारण असतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला जंतू. जळजळीबरोबर खाज येत असेल, अंगावरून पांढरं जात असेल तर मात्र आजार वेगळा असू शकतो, आणि लघवीच्या गोळ्यांनी तो बरा होणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घरातल्या उरलेल्या दोन गोळ्या खाऊन मग तपासणीला जाणं. अँटिबायोटिकचा एखादा डोस जरी पोटात गेला तरी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू न वाढण्याची शक्यता असते. मग रिपोर्ट निर्मळ, त्रास तसाच, आणि डॉक्टरांनी अंदाजानं औषध द्यायचं. म्हणून आधी नमुना, मग गोळी. जागा धुवून, पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरायची. सिरपची धुतलेली बाटली चालत नाही. राधानगरी, गारगोटीकडून पिशवीत डबी घालून एसटीनं येणारे बरेच आहेत. तेवढ्या वेळात डबीतले जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवतो. त्यापेक्षा लॅबमध्ये येऊनच नमुना द्या. घरीच घेतला तर दोन तासांच्या आत पोचवा, तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

तरुण, गरोदर नसलेल्या बाईला पहिल्यांदाच साधा त्रास असेल तर डॉक्टर कल्चरशिवाय औषध देतात, त्यात गैर काही नाही. पुरुष, गरोदर बाई, मधुमेही, वारंवार त्रास होणारे यांना मात्र कल्चर हवंच. त्याला दोन-तीन दिवस लागतात.

रिपोर्ट आला की नवी गंमत. औषधांच्या यादीत 'एस' म्हणजे जंतू दाद देतो, 'आर' म्हणजे देत नाही. मेरोपेनेमपुढं 'एस' दिसला म्हणून थेट तेच इंजेक्शन मागणारे भेटतात. ते गंभीर रुग्णांसाठी राखायचं औषध आहे. याउलट, वयस्कर माणसाला काहीच त्रास नसताना रिपोर्टात जंतू दिसले म्हणून कोर्स सुरू करायचा नसतो. गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी उपचार लागतो.

"तीच गोळी" म्हणजे बहुधा नॉरफ्लॉक्स किंवा सिप्रो. आपल्याकडचा ई. कोलाय आता यांना फारसा जुमानत नाही. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला डॉक्टर बऱ्याचदा नायट्रोफ्युरँटोइन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 5 दिवस देतात, किंवा फॉस्फोमायसिनचं 3 ग्रॅमचं एकच पाकीट पाण्यातून. नायट्रोफ्युरँटोइन जेवणाबरोबर घ्या, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरून कोर्स सोडू नका. किडनी कमजोर असेल किंवा नववा महिना असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. जळजळ कमी करणारं सायट्रेटचं सिरप जंतू मारत नाही, त्यानं फक्त आराम पडतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेली पट्टी जावेला देऊ नका.

ऊसतोडीला किंवा बाजारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांना 'भरपूर पाणी प्या' सांगणं सोपं आहे, सोय करून द्यायचं मात्र कुणी अंगावर घेत नाही.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या असं झालं तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. वरची दोन्ही औषधं तिथं पुरत नाहीत. रात्र असली तरी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. ताप नाही, पण औषध सुरू करून 48 तासांत उतार नाही, तर रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडं जा.