डिझाइनचा बॅकअप विकेंद्रित स्टोरेजवर ठेवताय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांचा बराचसा ऐवज आता जेकार्ड डिझाइनच्या फाइलींमध्ये असतो. त्यांचा बॅकअप आयपीएफएस (अनेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली वाटून घेणारं नेटवर्क) किंवा फाइलकॉइनवर (मोबदला घेऊन फाइली साठवणाऱ्यांचं नेटवर्क) ठेवणार असाल, तर पुरावा नेमका कशाचा मिळतो हे आधी समजून घ्या.

आयपीएफएसवर फाइलचा सीआयडी (ओळख-संकेत) मिळाला म्हणजे फाइल जपली गेली, असं समजू नका. सीआयडी हा फाइलच्या मजकुरावरून निघालेला ठसा आहे. ती फाइल कोणी ठेवली आहे का, हे त्यातून कळत नाही. ती फक्त तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असेल आणि रात्री तो बंद झाला, तर ती कुणालाच मिळणार नाही. म्हणून पिनिंग, म्हणजे सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर फाइल धरून ठेवणं, हवंच. एकाच फाइलचे दोन सीआयडी दिसले, एक ‘क्यूएम’ने आणि दुसरा ‘बाफी’ने सुरू होणारा, तर घाबरू नका. सीआयडीची आवृत्ती किंवा फाइलच्या तुकड्यांचा आकार बदलला की असं होतं. फाइल तीच आहे का, हे अख्ख्या फाइलच्या एसएचए-256 हॅशवरून (मजकुरातून गणिताने निघणाऱ्या ठशावरून) ताडून पाहा.

पुरावा आहे म्हणजे फाइल हवी तेव्हा मिळेल, हे गृहीत धरू नका. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. फाइलकॉइनवर साठवणूकदार प्रत्येक प्रत वेगळी ‘सील’ करतो, म्हणजे वेगळ्या सांकेतिक रूपात बदलून ठेवतो. सील करायला मुद्दामच वेळ लागतो, त्यामुळे एकच प्रत ठेवून तीन असल्याचं दाखवता येत नाही आणि विचारणा झाल्यावर ऐनवेळी ती तयारही करता येत नाही. दर 24 तासांत, ठरलेल्या 30 मिनिटांच्या खिडकीत, यादृच्छिक (कसेही निवडलेल्या) तुकड्यांबद्दल विचारणा होते. उत्तर मर्कल वृक्षाच्या आधीच नोंदवलेल्या मुळाशी, म्हणजे सगळ्या तुकड्यांच्या हॅशांमधून निघालेल्या एका अंतिम हॅशशी, जुळावं लागतं. चुकलं तर अनामत रकमेतून दंड कापला जातो. व्यवस्था भक्कम आहे, पण ती फक्त बाइट्स जागेवर असल्याचं सांगते. फाइल तुमच्या हाती देण्याची सक्ती त्यात नाही, आणि सील उघडायला काही तास लागू शकतात. निर्यातीची ऑर्डर तोंडावर असताना हे परवडत नाही. सील न केलेली उघडी प्रतही ठेवणार का, हे साठवणूकदाराला आधीच विचारा. अधूनमधून दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून एखादी फाइल उतरवून तिचा हॅश जुळवा.

सगळे तुकडे न तपासता काहीच तपासण्याच्या अशा नमुना तपासणीलाही मर्यादा आहे. एक टक्का तुकडे गायब असतील, तर यादृच्छिक 460 तुकडे तपासून 99 टक्के खात्रीने ते पकडता येतं. एकच तुकडा गेला असेल, तर तो बहुतेक वेळा सुटतो, आणि तेवढ्यानं डिझाइन उघडेनासं होऊ शकतं. स्टोर्ज या विकेंद्रित स्टोरेज सेवेने यावर 80 तुकड्यांपैकी कोणतेही 29 पुरतील अशी रचना वापरली. पर्याय निवडताना अशी सोय आहे का ते बघाच.

एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं रूप देणं) न करता गिऱ्हाइकाची डिझाइनं टाकू नका. सार्वजनिक आयपीएफएसवर सीआयडी ज्याच्या हाती, त्याला फाइल खुली. किल्ली मात्र नेटवर्कबाहेर दोन ठिकाणी ठेवा. ती हरवली तरी पुरावे बिनचूक येत राहतील आणि फाइल कायमची बंद राहील.

साठवणूकदाराशी केलेल्या कराराला मुदत असते. ती संपली की पुरावे देण्याचं बंधनही संपतं, म्हणून नूतनीकरणाची तारीख जीएसटीच्या तारखांशेजारीच लिहून ठेवा.