एडिट केलेला फोटो दुसऱ्या स्क्रीनवर वेगळाच दिसतो? मग हे करून बघा

सगळ्या स्क्रीनवर फोटो तंतोतंत सारखा दिसणार नाही, हे आधीच मान्य करून टाका, म्हणजे डोक्याला ताप कमी. समोरच्याचा मॉनिटर कसा सेट केलाय ते आपल्या हातात नाही, आपल्या हातात फक्त आपला मॉनिटर आणि आपली फाइल.

सुरुवात ब्राइटनेसपासून करा, कारण बहुतेक वेळा घोळ रंगांचा नसतोच, उजेडाचा असतो. मॉनिटर फुल ब्राइटनेसवर असला की फोटो उजळ वाटतो, मग आपण तो गडद करत जातो आणि दुसऱ्याकडे गेला की काळाकुट्ट. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी खरा पांढरा कागद धरा, स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर खाली आणा. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजून मॉनिटर नीट सेट करायचं छोटं यंत्र) असेल तर ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवा, व्हाइट पॉइंट (म्हणजे पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन आणि गॅमा (म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, मगच कॅलिब्रेट करा. कॅलिब्रेटर नसेल तर विंडोज आणि मॅक दोन्हीत डोळ्याने करायचं कॅलिब्रेशन आहे, अगदी अचूक नाही पण काहीच न करण्यापेक्षा बरं. आणि नाइट मोड, ऑटो ब्राइटनेस, मॉनिटरचा तो व्हिव्हिड मोड हे सगळं बंद म्हणजे बंद!

एडिट करताना नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. हिस्टोग्राम (फोटोत गडद आणि उजळ भाग किती त्याचा आलेख) फाइलमधले आकडे दाखवतो, त्याला तुमच्या स्क्रीनशी देणंघेणं नाही. रंगाची छटा आलीय का बघायचं असेल तर आयड्रॉपर (त्या जागेचा रंग आकड्यांत सांगणारं टूल) एखाद्या राखाडी वस्तूवर ठेवा, लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर ठीक, निळा बराच जास्त असेल तर फोटो निळसर झालाय, मग स्क्रीन काहीही दाखवू दे. अर्थात संध्याकाळच्या फोटोत राखाडी पिवळसर असणारच, तिथे हट्टाने न्यूट्रल करायला जाल तर फोटोची मजाच जाईल.

आता एक्सपोर्ट, लोक इथे जास्त फसतात. कॅमेऱ्यात किंवा फोटोशॉपमध्ये अडोबी आरजीबी (जास्त रंग मावणारी कलर स्पेस, म्हणजे रंगांची मोजपट्टी) ठेवलेलं असतं आणि फाइल तशीच नेटवर जाते, प्रोफाइल (फाइलमधले आकडे कोणत्या मोजपट्टीने वाचायचे ती नोंद) न वाचणारं ॲप तिला एसआरजीबी (नेटवर सर्रास चालणारी कलर स्पेस) समजतं आणि रंग फिके पडतात. म्हणून नेटवर टाकायची फाइल एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा आणि प्रोफाइल एम्बेड करा. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ घ्यायचं, ‘असाइन प्रोफाइल’ नाही, कारण असाइन केलं की आकडे तेच राहतात पण त्यांचा अर्थ बदलतो आणि रंग उडी मारतात. लाइटरूममध्ये एक्सपोर्टच्या खिडकीत कलर स्पेस एसआरजीबी निवडलं की झालं.

शेवटी फाइल फोनवर आणि एखाद्या साध्या लॅपटॉपवर उघडून बघा, लॅपटॉप अगदी समोरून बघा कारण स्वस्त पॅनल तिरकं बघितलं की रंग बदलतं. दोन्हीकडे सावल्यांमधलं डिटेल दिसतंय आणि चेहऱ्याचा रंग ठीक आहे ना? मग आता स्लायडर सोडा.