ट्रेकिंग पोलचं टोक बदलताना

आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरताना पोल खडकावर घसरायला लागला, की आधी पोल उलटा करून टोक बघा. मधला कार्बाइडचा (अतिशय कठीण धातूसारख्या पदार्थाचा) दाणा झिजून प्लास्टिकच्या पातळीला आला असेल, तर ते बदलाच. पावसाळ्यात ओल्या कातळावर असल्या टोकावर भार टाकायचा नाही. टोकावर चढवायचा रबरी बूट, म्हणजे टोपण, पर्वतीच्या पायऱ्यांना आणि डांबरी रस्त्याला ठीक. चिखलात, मुरमात काढून ठेवा.

पोलचा खालचा भाग वेगळा करा, बास्केट (टोकाच्या वरची गोल चकती) काढा. टोक उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, जाड फडक्यात धरून पिळत ओढा. नळी कार्बनची असेल तर शिकंज्यात अजिबात आवळू नका, तडा जातो.

मग नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा आणि तेवढ्याच मापाचं टोक घ्या, शक्यतो पोलच्याच कंपनीचं. अंदाजाने घेतलेलं सैल टोक राजगडच्या चिखलात रुतून राहतं.

नळी पुसून कोरडी करा, टोक हाताने दाबा, लाकडी फळीवर सरळ उभं ठोका. आवाज भरीव झाला की बसलं. फेविक्विक लावू नका, पुढच्या वेळी निघणार नाही.