सासूबाईंच्या साडीचा परकर

आमच्या मालवणात नारळी पौर्णिमा उलटली की शिंप्याकडे जाऊन उपयोग नाही. एकदा नातीचं पोलकं चतुर्थीच्या आदल्या रात्री हातात आलं, तेही एका बाहीचं. तेव्हापासून परकर-पोलकं मी घरीच शिवते. पायाची मशीन आहे, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही.

कापड म्हणजे सासूबाईंची जरीकाठी डाळिंबी साडी. जुनं रेशीम आधी खिडकीशी उजेडात धरून बघा. वर्षानुवर्षांच्या घडीवर ते विरलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणलं आणि चरचरलं, तर तेवढी पट्टी सोडून द्या. कितीही जीव तुटला तरी.

नात पाच वर्षांची. कंबर २१ इंच, कंबरेपासून घोट्यापर्यंत २४. घेर कंबरेच्या तिप्पट, म्हणजे ६३ इंच, वर जोडाला दोन. उंचीला २८ इंच कापते: २४ परकराचे, एक वरच्या शिवणीचा, आणि तीन इंच माया, म्हणजे पुढे पोर वाढली की सोडायला राखलेलं जादा कापड. ही माया काठाच्या लगेच वर आतल्या बाजूला दीड इंचाची घडी घालून लपवायची आणि हाताने धावदोरा घालायचा. मशीनची टीप नको, रेशमावर सुईची भोकं राहतात. पुढच्या श्रावणात दोरा ओढला की परकर तीन इंच उतरतो. साडीचा पन्हा ४५ इंच, तेव्हा वरची १७ इंची पट्टी दुसऱ्या काठासकट उरते. पोलकं त्यातच बसतं, काठ बाह्यांना लावा.

आता मुख्य गोष्ट. नाडी घालू नका. लहान पोरांना कंबर कुठे असते? दोन फुगड्या झाल्या की परकर खाली. त्यापेक्षा मलमलीची बिनबाह्यांची बॉडी शिवा, छातीच्या मापापेक्षा तीन इंच सैल, मागे बटणं. मलमल आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते. परकराला चुण्या घालून या बॉडीला जोडायचं. मागच्या जोडावर वरचे पाच इंच उघडे ठेवा. पहिल्या वर्षी मी शेवटपर्यंत टीप मारत गेले आणि पोरगी आत शिरेना!

रेशीम मशीनखाली सरकतं. खाली कोरा पातळ कागद धरून टीप मारा, मग कागद फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. सुई नवी, ११ नंबरची. आमच्या पावसात डब्यातल्या सुया गंजतात आणि गंजकी सुई धागे ओढते.

पोलक्याला आतून अस्तर हवंच. जरीची उलटी बाजू खरखरीत असते. ‘गो आजी, माका टोचता’ म्हणत पोरीने आरतीच्या आधीच पोलकं काढून टाकलं होतं, म्हणून सांगते. बाह्यांच्या काठालाही अस्तर घ्या. इस्त्री मंद, वर सुती फडकं टाकून.

घालून बघायचं ते आरशापुढे नव्हे. पडवीत उभी करा आणि फुगडी घालायला लावा. पायात आला तर घडी अर्धा इंच वाढवा. हात वर केल्यावर मुंढा काचला तर काखेतली शिवण थोडी उसवून सैल करा.