गूढ शब्दकोडी सोडवताना आणि उकल सांगताना या चुका टाळा

"उलटी वाहणारी नदी गरीब (2)"

हे शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारं वाक्य, चार जणांपुढे ठेवलं की 'तापी' हे उत्तर हमखास येतं. तसं ते सुचणं साहजिकच आहे. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, तापी मात्र पश्चिमेकडे. अक्षरंही नेमकी दोन, कंसातल्या आकड्याइतकी. पण मग 'गरीब' या शब्दाचं काय करायचं? तापी गरीब कशी? याचं उत्तर मिळत नाही, म्हणजे तापी चूक. भूगोल बाजूला ठेवा आणि 'नदी' हा शब्दच उलटा लिहा: दी-न. दीन म्हणजे गरीब.

वाक्याच्या अर्थात अडकणे

गूढ शोधसूत्रात एक सरळ व्याख्या असते, बहुधा अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी. बाकीचा शब्दखेळ. दोन्ही वाटांनी गेलात तरी उत्तर एकच यायला हवं. पूर्ण वाक्य वाचून जे चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं ते रचणाऱ्याने चकवण्यासाठी रंगवलेलं असतं. "विस्कटून विकता येते ते काव्य (3)" वाचून कवितासंग्रहांच्या खपाचा विचार करत बसलात तर पुढे सरकणार नाही. 'विस्कटून' हा खुणेचा शब्द आहे. वि-क-ता ही अक्षरं विस्कटली की क-वि-ता.

अडलात तर आधी पहिला शब्द व्याख्या धरून बघा, मग शेवटचा. त्यानंतर खुणेचा शब्द शोधा. उलट, परतताना, मागे फिरून असं काही असेल तर शब्द उलटायचा. विस्कटणं, मोडणं, गोंधळणं असेल तर अक्षरांची अदलाबदल. 'पोटात' किंवा 'आत' दिसलं तर घाई नको; एका शब्दात दुसरा घालायचा असेल किंवा शेजारच्या शब्दांत उत्तर सलग लपलेलं असेल, दोन्ही तपासा. खुणेचा शब्दच सापडत नसेल तर दोन व्याख्या शेजारी ठेवल्या असण्याचा संभव मोठा. "पुस्तकातले झाडावर (2)" म्हणजे पान, एवढंच.

एखादा शब्द तसाच सोडून देणे

इंग्लंडच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांनी 1966 साली पुस्तक लिहून गूढ शोधसूत्रांची शिस्त मांडली. थोडक्यात ती अशी: व्याख्या नेमकी हवी, शब्दखेळ प्रामाणिक हवा, आणि या दोन्हींत न बसणारं काही नको. हा नियम रचणाऱ्यासाठी आहे असं वाटतं, पण सोडवणाऱ्याच्या हातातलंही तेच सर्वांत उपयोगी हत्यार आहे. उत्तर आलं, तरी शोधसूत्रातला एखादा शब्द बेकार बसला असेल तर उत्तर अजून मिळालेलं नाही.

"शहर म्हणजे 'ग'ची बाधा झालेला पुरुष (3)" हे बघा. 'सांगली' असं उत्तर येतं. शहर आहे, तीन अक्षरं आहेत, मधोमध 'ग' आहे. मग पुरुष कुठे, असं विचारलं की सांगलीकर पुरुष, पैलवान, काय वाटेल ते पुढे येतं. उत्तर आधी ठरवायचं आणि उकल ओढूनताणून त्याला चिकटवायची, ही सवय जितक्या लवकर मोडेल तितकं बरं. 'सांगली'तला 'ग' काढला तर 'सांली' उरतं, आणि तो कुणी पुरुष नव्हे. 'नर' घ्या, त्याच्या अंगात 'ग' शिरू द्या: नगर. आता प्रत्येक शब्दाला काम मिळालं. 'ग'ची बाधा झालेला गर्विष्ठ पुरुष हा वरवरचा देखावा, शिवाय बाधा म्हणजे अंगात शिरणं हा अर्थही खुणेला लागू पडतो. असं शोधसूत्र सापडलं की मला ते दिवसभर पुरतं.

अक्षरांचा हिशेब चुकवणे

इंग्रजी कोडं सुट्या अक्षरचिन्हांवर चालतं, मराठी कोडं पूर्ण अक्षरावर. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निम्मे वाद होतात. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणून 'पुस्तक' तीन अक्षरांचं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आपापल्या अक्षराला धरून राहतात. वाल्या 'मरा मरा' म्हणत गेला आणि त्याचा 'राम' झाला तो याच नियमाने: 'रा' आपला काना घेऊन पुढे आला.

ऱ्हस्व-दीर्घही सोडायचं नाही. "उलटी वाहणारी नदी म्हणजे दिवस" असं कुणी रचलं तर ते चूकच, कारण दिवस या अर्थाचा 'दिन' ऱ्हस्व आणि उलटलेली नदी दीर्घ. उच्चारात फरक कळत नाही ही सबब चालत नाही; कोडं लिहून सोडवायचं असतं. काही जण स्वरचिन्हं मोकळी सोडून फक्त व्यंजनं जुळवतात. हरकत नाही, पण ते कोड्याच्या डोक्यावर लिहिलेलं हवं. आडव्या आणि उभ्या शब्दाच्या सामाईक घराचंही तसंच: आडव्यात 'वि' असेल तर उभ्यातही 'वि'च, की नुसतं 'व' जुळलं तरी पुरे, हे सोडवायला बसण्यापूर्वी ठरवा. 'वि'च हवं असेल तर एका सामाईक घरातून किती कळतं ते लक्षात घ्या. दोन अक्षरांच्या उत्तरात पहिलं घर 'दी' निघालं की तापीचा निकाल लागला.

आणखी एक अडचण खास आपली आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. "शहरात पुरुषाला 'ग'ची बाधा" हे वाक्य म्हणून जास्त सुरेख वाटतं, पण 'शहरात' म्हणजे 'नगर' नव्हे, 'नगरात'. व्याख्येचं रूप आणि उत्तराचं रूप एकच हवं. सोडवणाऱ्याने याचा उलट उपयोग करावा: व्याख्या पुल्लिंगी एकवचनी दिसली तर उत्तरही तसंच शोधावं.

अर्धी उकल सांगून मोकळे होणे

"दिवसामागे हत्ती पंढरीला चाललेला (4)"

याचं उत्तर देणारे बहुतेक जण खाली लिहितात, 'वार + करी, मस्त!' ज्याला सुटलं होतं त्याला ते कळतं, आणि ज्याच्यासाठी उकल लिहायची तो तिथेच राहतो. त्याला 'करी' म्हणजे 'करतो' वाटतं आणि हत्ती कुठे गेला हे समजत नाही. पुढच्या वेळी तो विचारायचंही टाळतो. नव्या माणसाला या नादाला लावायचं असेल तर उकल पूर्ण सांगायलाच हवी.

ती अशी सांगता येईल. व्याख्या शेवटी आहे: पंढरीला चाललेला, म्हणजे वारकरी. दिवस म्हणजे वार, सोमवार-मंगळवारातला. 'मागे' एवढंच सांगतं की पुढचा तुकडा वाराच्या नंतर जोडायचा. हत्ती म्हणजे करी. 'कर' म्हणजे हात, तसाच हत्तीची सोंडही, आणि कर असलेला तो करी. हा शब्द आता बोलण्यात नाही, जुन्या काव्यात भेटतो. आणि एक गंमत जरूर दाखवावी: 'दिवसामागे' आपण सहज 'दर दिवशी' या अर्थाने वाचतो, त्यामुळे 'मागे' ही जागेची खूण आहे हे लक्षातच येत नाही. चकवा कुठे होता हे कळलं की नवखा माणूस पुढचं शोधसूत्र वेगळ्या नजरेने वाचतो.

उत्तर आलं पण उकल पुरती लागली नाही, तर तसं लिहा. 'उत्तर बहुधा हे, पण अमुक शब्दाचं काय ते कळलं नाही' हे वाक्य रेटून सांगितलेल्या उकलीपेक्षा शंभर पटींनी उपयोगाचं, कारण दुसरं कुणी तिथून पुढे जाऊ शकतं.

उत्तर फोडणे

गटात मिळून कोडं सोडवत असाल तर आधी वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळपर्यंत उत्तर कुणी लिहायचं नाही. तोवर फक्त इशारे. इशाऱ्यांनाही पायऱ्या असतात. "गुरुजींची मोटार म्हणजे शासन (4)" इथे कुणी अडलं तर पहिल्यांदा सांगा, व्याख्या शेवटी आहे. मग सांगा, दोन छोटे शब्द जोडायचे आहेत. तरीही नाही आलं तर विचारा, शाळेत गुरुजींना हाक कशी मारता? इथे थांबा. 'पहिलं अक्षर स' असं सांगितलंत तर 'सरकार' येईलही, पण पाटीवर अक्षर गिरवून दिल्यासारखं होईल. 'सर' आपणहून सापडण्यात जे होतं ते गेलं.

'पटलं नाही' एवढंच म्हणणे

टीका करायला हरकत नाही, उलट ती व्हायलाच हवी, पण बोट नेमक्या शब्दावर ठेवून. "बाग रमणीय असली तरी आत उष्ण (3)" घ्या. 'बाग रमणीय' या सलग अक्षरांत ग-र-म लपलंय, गरम म्हणजे उष्ण. आता आक्षेप नीट मांडायचा तर असा: 'असली तरी' हे ना शब्दखेळात आहे ना व्याख्येत. जोडशब्द चालतात, पण कोणते? माझ्या मते शब्दखेळातून व्याख्येकडे नेणारे, जसे 'म्हणजे' किंवा 'येते ते'. 'असली तरी' विरोध दाखवतं, बरोबरी दाखवत नाही. ते फक्त वाक्य गोड करण्यासाठी आलंय. असं सांगितलं की रचणाऱ्याला दुरुस्तीही लगेच दिसते: "बाग रमणीय, आत उष्ण (3)". दुरुस्त केलेल्या शोधसूत्राशेजारी मूळ रूपही राहू द्या, म्हणजे उशिरा आलेल्यालाही काय आणि का बदललं ते कळेल.