वेल्श पाटी वाचताना

वेल्श म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा. तिचं स्पेलिंग दिसायला भयंकर, पण इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमाने चालतं. खरी अडचण डबल एलची. लानेल्ली, लानडिडनो या गावांची नावं त्यानेच सुरू होतात. जीभ 'ल' म्हणताना लावतो तशीच लावून ठेवा, आवाज काढू नका, आणि दाढांच्या बाजूने हवा फुंका. गळ्यावर बोट ठेवा: थरथर जाणवली तर साधा 'ल' झाला. 'ळ' किंवा 'क्ल' म्हणणं तर साफ चूक.

डब्ल्यू बहुतेकदा स्वर असतो. सी-डब्ल्यू-एम, म्हणजे दरी, उच्चार 'कुम'. सी नेहमी 'क', एकटा एफ 'व', फ हवा तर दोन एफ. डबल डी म्हणजे इंग्रजी 'धिस'मधला घर्षणाचा आवाज. आपला 'द' म्हणताना जीभ दाताला घट्ट टेकते, तशी टेकवू नका.

वाय शेवटच्या अक्षरात 'इ', आधी असेल तर बहुधा 'अ'. म्हणून सी-वायने सुरू होणारं वेल्सचं वेल्श नाव 'कम्री'. जोर साधारण शेवटून दुसऱ्या अक्षरावर: अबेरस्टविथमध्ये 'रस्'वर.

सीमेवरच्या पाटीवर 'क्रोइसो इ गम्री', म्हणजे 'वेल्समध्ये स्वागत', दिसेल. छपाईची चूक नव्हे. 'इ' या शब्दामुळे 'क'चा 'ग' होतो. शब्दकोशात मात्र 'क'खालीच शोधा.