ऑनर्सच्या संशोधन प्रकल्पाची तयारी: लासलगावचा कांदा हाताशी धरून

चार वर्षांच्या पदवीत 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाला १२ श्रेयांक (क्रेडिट) असतात. बारीकसारीक नियम विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक आधी वाचून ठेवा. खरी तयारी मात्र सहाव्या सत्रातच सुरू व्हायला हवी. आधी अभ्यास उरकू, सादरीकरणाचं शेवटच्या आठवड्यात बघू, असं म्हणणाऱ्यांचे दोन्हीकडे हाल होतात. जे एका वाक्यात सांगता येत नाही त्याचा अभ्यासही नीट झालेला नसतो. पुढची सगळी यादी एकाच उदाहरणावर बेतली आहे: २०२३ची कांदा निर्यातबंदी आणि लासलगावचे भाव. विषय तुमचा वेगळा असेल, अडचणी बऱ्याचशा याच असतील.

सर्वांत आधी प्रश्न कागदावर हवा, पंचवीस शब्दांच्या आत आणि शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. 'महाराष्ट्रातील कांदा उत्पादक: समस्या व उपाय' हा प्रश्न नव्हे, ते निबंधाचं शीर्षक झालं. '८ डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीनंतरच्या आठ आठवड्यांत लासलगावच्या लाल कांद्याचा भाव आधीच्या तीन वर्षांच्या त्याच आठवड्यांपेक्षा किती वेगळा होता?' हा प्रश्न आहे. यात जागा, माल, काळ आणि तुलना ठरलेली आहे. हे वाक्य अर्थशास्त्र न शिकलेल्या एका माणसाला वाचून दाखवा. त्याने 'म्हणजे काय?' असं दोनदा विचारलं तर वाक्य पुन्हा लिहा.

मार्गदर्शकांकडे पहिल्या भेटीला मोकळ्या हाताने जाऊ नका. एक पान पुरे: प्रश्न, आकडे कुठून मिळणार, कुठे अडेल असं वाटतं. 'सर, विषय सुचवा' म्हणणाऱ्याला सुचवलेलाच विषय मिळतो आणि मग वर्षभर तो परका वाटत राहतो.

वाचनासाठी बारा ते पंधरा लेख पुरतात, पण त्यांच्या नोंदी हव्यात. एका तक्त्यात प्रत्येक लेखाला एक ओळ: प्रश्न, आकडे, काळ, पद्धत, निष्कर्ष, आणि आपल्याला न पटलेली एक गोष्ट. शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात आणि मग पूर्वाभ्यासाचं प्रकरण 'अमुक यांनी म्हटले आहे, तमुक यांनी म्हटले आहे' अशी जंत्री होऊन बसतं. महाविद्यालय एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं) सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या. पीएचडीच्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहे. पुण्यात असाल तर गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल पाहण्याची परवानगी कशी मिळते याची चौकशी करून ठेवा.

आता आकडे. इथे घाई करू नका, कारण प्रकल्प बिघडतो तो बहुधा इथेच. बाजारभाव ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही. आवक एकीकडे टनांत असते, दुसरीकडे क्विंटलमध्ये. दोन्ही तक्ते एकत्र केले आणि एकक पाहिलं नाही तर आवक दहापट फुगते. भावाचे तीन रकाने असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो, दिवसाची सरासरी नव्हे. अहवालातही तसंच लिहा. लासलगावची मुख्य बाजार समिती आणि तिचे निफाड व विंचूर इथले उपबाजार यांच्या नोंदी स्वतंत्र येतात, त्या नकळत मिसळतात. वाणाचंही तसंच. उन्हाळी कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) महिनोन्‌महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे त्यांचे भाव वेगळे चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्ही एकाच वेळी बाजारात असतात आणि दोघांची सरासरी काढली तर बाजारात कुठेच नसलेला भाव हाती येतो.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल ०८-१२-२०२३ ही तारीख १२ ऑगस्ट समजतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. बंदीचाच दिवस चार महिने मागे गेला तर पुढचं सगळं गणित वाया. रविवार, सणवार आणि व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवलेले दिवस रिकामे असतील. निर्यातशुल्कानंतर ऑगस्ट २०२३मध्ये नाशिक जिल्ह्यात असे लिलाव बंद राहिले होते. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. शून्य भरलंत तर त्या आठवड्याची सरासरी कोसळते आणि तुम्ही तिला धोरणाचा परिणाम म्हणून मोकळे होता. आठवड्याचा भाव काढताना आवकेचा भार द्या: प्रत्येक दिवसाचा भाव गुणिले आवक, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण आवक.

मूळ फाइल जशी उतरवली तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा आणि प्रत्येक दुरुस्ती तारखेसह एका साध्या वहीत लिहा. सहा महिन्यांनी 'ही ओळ का काढली?' असं विचारलं जातं तेव्हा ती वहीच उत्तर देते. सॉफ्टवेअरची चिंता शेवटी करा. आर आणि ग्रेटल फुकट आहेत आणि या प्रकल्पाला पुरेसे आहेत.

सरकारी पाहणीची कच्ची माहिती वापरणार असाल, समजा रोजगाराची पीएलएफएस (नियतकालिक श्रमशक्ती पाहणी), तर सोबत येणारी मांडणीची फाइल (कोणत्या रकान्यात काय आहे ते सांगणारी) आणि भारांकांची सूचना आधी छापून घ्या. भारांक म्हणजे नमुन्यातलं एक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांच्या वतीने बोलतं तो आकडा. भारांक न लावता काढलेली टक्केवारी त्या नमुन्यापुरती असते, राज्याची नसते. उपभोग खर्चाची २०११-१२ची आणि २०२२-२३ची पाहणी सरळ शेजारी ठेवू नका. दुसऱ्या पाहणीत प्रश्नावली तीन भागांत आणि तीन भेटींत विभागली होती, त्यामुळे फरकाचा काही वाटा मोजण्याच्या पद्धतीचाही असू शकतो.

मॉडेल चालवण्याआधी साधा आलेख काढा आणि त्यावर घटना उभ्या रेषांनी दाखवा: ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही), ८ डिसेंबरला बंदी, ४ मे २०२४ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. हा आलेख पाहिला की 'बंदीआधी' म्हणून स्वच्छ असा काळच नव्हता हे ध्यानात येतं. त्यात डिसेंबर हा लाल कांद्याची आवक वाढण्याचा हंगाम, म्हणजे बंदी नसती तरी भाव उतरण्याकडेच कल असता. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता आणि सरकारचा राखीव साठाही बाजारात येत होता. तुलनेला दिल्लीचा बाजार घ्यावा म्हटलं तर निर्यात अडलेला माल तिथेही पोचतो, मग तो बंदीपासून अलिप्त कसा? या प्रश्नांची पक्की उत्तरं ऑनर्सच्या पातळीवर मिळतीलच असं नाही. हे प्रश्न मांडणं मात्र तुमच्या हातात आहे आणि परीक्षक तेच बघतात. दोन चढत्या मालिकांचं प्रतिगमन (रिग्रेशन) करून आर-वर्ग, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळतं याचं माप, ०.९ आला म्हणून आनंदून जाऊ नका. कालमालिका स्थिर आहे का, म्हणजे तिची सरासरी आणि चढउतार काळाबरोबर बदलत तर नाहीत ना, हे आधी तपासा.

बाजार समितीत एक सकाळ तरी घालवा. ट्रॅक्टर-ट्रॉलीतल्या खुल्या मालाचा लिलाव मिनिटभरात कसा उरकतो ते पाहिल्यावर 'किमान भाव' म्हणजे काय ते नीट कळतं. प्रश्नावली मराठीत करा, वीस प्रश्नांच्या आत, आणि पाच जणांवर आधी चाचणी घ्या. 'नफा किती होतो?' याला खरं उत्तर मिळत नाही. 'शेवटची ट्रॉली किती क्विंटलची होती, बोली काय लागली, भाडं किती गेलं?' याला मिळतं. नाव लिहून घेऊ नका, संमती विचारा. आणि लिलाव चालू असताना कुणालाच गाठू नका, वजन-पट्टीनंतर चहाला बसलेला माणूस निवांत बोलतो.

लिहिताना आणि बोलताना आकड्यांची भाषा सांभाळावी लागते. देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण) पीएलएफएसनुसार २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४मध्ये ४१.७. ही वाढ १८.४ टक्केबिंदूंची. '१८ टक्क्यांनी वाढला' हे चूक, कारण टक्क्यांत मोजली तर वाढ ७९च्या आसपास जाते. भाव ४,००० वरून २,००० झाला तर घट ५० टक्के, परत ४,००० झाला तर वाढ १०० टक्के. श्रोते इथे हमखास गोंधळतात. 'महागाई कमी झाली' असं लिहू नका. महागाईचा दर कमी झाला, किमती वाढतच होत्या. शहरातल्या श्रोत्यांना क्विंटलचा भाव सांगून लगेच किलोचा सांगा: २,००० रुपये क्विंटल म्हणजे २० रुपये किलो. आणि हा घाऊक भाव आहे, भाजीवाल्याचा नाही, हेही त्याच दमात.

दहा मिनिटांच्या सादरीकरणाला आठ स्लाइड पुष्कळ झाल्या. पहिल्या मिनिटात प्रश्न आणि उत्तर दोन्ही सांगून टाका, रहस्यकथा रंगवू नका. एका स्लाइडवर एकच आलेख, अक्षांवर एकक लिहिलेलं. सॉफ्टवेअरमधून उचललेला दहा रकान्यांचा तक्ता शेवटच्या बाकावरून कुणालाच दिसत नाही. तालीम दोनदा करा: एकदा वर्गमित्रांसमोर इंग्रजीत, एकदा घरी मराठीत. मराठीत अडखळलात तर समजा की ती संकल्पना पाठ आहे, कळलेली नाही. लवचिकता, राजकोषीय तूट, महसुली तूट हे शब्द उदाहरणासह सांगता यायला हवेत. तोंडी परीक्षेसाठी चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: हाच काळ का, हीच बाजारपेठ का, बंदीखेरीज दुसरं कारण कोणतं, आणि आणखी सहा महिने मिळाले असते तर काय केलं असतं?

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी फाइल पीडीएफ करून महाविद्यालयाच्याच संगणकावर उघडून पाहा. देवनागरी फाँट नसलेल्या यंत्रावर मूळ फाइल उघडली की आलेखावरच्या नावांच्या जागी चौकोन दिसतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर आणि आलेखांचं एक छापील पान खिशात ठेवा.